फुल-फेस हेल्मेटवर कॅमेरा: आधी दोरी, मग स्क्रू

ॲरिझोनातल्या इलॉय गावाच्या आजूबाजूला कापसाची शेतं आहेत. मी जळगावकडचा, त्यामुळे कापूस मला काही नवा नाही. पण नोव्हेंबरअखेरच्या एका रविवारी मी त्या शेतांतून ओळीओळीने वाकून साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा शोधत होतो. दोन तास फिरलो. कॅमेरा काही सापडला नाही, बोंडांच्या टोकांचे ओरखडे तेवढे हाताला मिळाले.

चूक माझीच होती. पहाटे सहाला, गार पडलेल्या गॅरेजमध्ये बसून हेल्मेटला चिकटपट्टीचा माउंट, म्हणजे कॅमेरा धरणारी बैठक, लावला आणि दहाच्या विमानातून स्कायडायव्हिंगची उडी मारली. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं पडत असताना, अर्ध्यावर डोकं एकदम हलकं झालं, तेव्हाच कळलं.

पुढच्या आठवड्यात नवा माउंट आणि मित्राचा कॅमेरा तात्पुरता बसवून हेल्मेट रिगरकडे नेलं. रिगर म्हणजे पॅराशूटच्या घड्या घालणारा, दुरुस्ती करणारा परवानाधारक कारागीर. मला विचारायचं होतं की आता हा पक्का कसा बसवू. त्याने कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. खणातून पॅराशूटच्या जुन्या दोरीचा हातभर तुकडा काढला, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि चपलेला पॉलिश करावं तशी ती हेल्मेटवरून इकडून तिकडे ओढली. पहिल्याच फेरीत ती माउंटच्या स्क्रूला अडकली. दुसऱ्या फेरीत कॅमेऱ्याच्या आणि कवचाच्या मधल्या फटीत शिरली. मग व्हायझरच्या बिजागरीत, मग कॅमेऱ्याभोवतीच्या फ्रेमच्या कडीत. अर्ध्या मिनिटात चार ठिकाणी. प्रत्येक वेळी त्याने दोरी ताणून धरली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

लहानपणी संक्रांतीला आमच्या गच्चीवरच्या अँटेनात मांजा अडकायचा. ओढाल तितका तो आवळत जायचा आणि शेवटी पतंग सोडून द्यावा लागायचा. हेल्मेटवरचा कॅमेरा म्हणजे तुमच्या डोक्यावरचा अँटेना, आणि पॅराशूट उघडताना मांजा तुमच्याच पाठीतून सुटत असतो. फरक इतकाच की इथे पतंग सोडून देता येत नाही. म्हणून या लेखात कॅमेरा पडू नये याची काळजी आहेच, पण दोरी अडकू नये याची काळजी त्याच्या आधी येते.

तुमच्या किती उड्या झाल्यात?

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची, म्हणजे यूएसपीएची, शिफारस अशी आहे की कॅमेरा लावण्याआधी किमान २०० उड्या झालेल्या असाव्यात, आणि त्यातल्या किमान ५० अलीकडच्या काळात, आता जे पॅराशूट वापरणार त्याच साहित्यावर. कॅमेरा हलका असला तरी ही अट हलकी होत नाही. "एवढासा तर आहे" हे वाक्य मी ९० व्या उडीला ऐकवलं होतं आणि प्रशिक्षकाने नकार दिला होता. तेव्हा राग आला होता, आज त्याचं म्हणणं पटतं.

वजनापेक्षा मोठा धोका लक्ष विचलित होण्याचा. १९८८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या लुईसबर्गला ८०० हून जास्त उड्या मारलेला एक कॅमेरामन दुसऱ्यांचं चित्रण करायला विमानातून बाहेर पडला आणि पॅराशूट पाठीवर नाही हे त्याच्या हवेत लक्षात आलं. व्हिडिओच्या सरंजामाची पिशवी मात्र पाठीवर होती. ८०० उड्या मारलेल्या माणसाचं हे झालं. कॅमेरा माणसाच्या डोक्यात किती जागा व्यापतो, याचा याहून कडक दाखला मला माहीत नाही.

महाराष्ट्रातून सुट्टीत टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन, उडी मारायला जाणाऱ्यांसाठी हा लेख नाही. टँडमच्या प्रवाशाला सहसा स्वतःचा कॅमेरा लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

डोक्यावर, बाजूला की हनुवटीवर

कॅमेरा हातात घेण्याआधी रिकामं हेल्मेट घालून आरशासमोर उभे राहा. पाठीवर पूर्ण साहित्य चढवा. मान वर, खाली, दोन्ही खांद्यांकडे फिरवा. व्हायझर उघडा, बंद करा. कुठे काय घासतं ते बघा. जागा या निरीक्षणावर ठरते, बाजारात कुठला माउंट मिळतो त्यावर नाही.

माथ्यावरची जागा सगळ्यात जुनी. वजन मानेच्या वर सरळ रेषेत राहतं, मान एका बाजूला पिळली जात नाही. चित्रही छान येतं, कारण तुम्ही बघता तिकडेच कॅमेरा बघतो. पण सगळ्यात उंच तोच असल्यामुळे दोरीला पहिला तोच भेटतो, आणि विमानाच्या दारालाही. ट्विन ऑटर विमानाच्या दारातून वाकून बाहेर पडताना माथ्यावरचा कॅमेरा चौकटीवर आपटल्याचा 'टक्' आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मागचा माणूस वाकला की माझेच खांदे आक्रसतात. माथ्यावर लावायचं असेल तर पुढच्या भागात लावताना उघडलेला व्हायझर कॅमेऱ्याला धडकत नाही ना हे आधी तपासा. बऱ्याच फुल-फेस हेल्मेटांचा व्हायझर वर सरकून कपाळावर येतो. नेमकी तीच जागा कॅमेऱ्यालाही हवी असते.

बाजूची जागा दिसायला नेटकी. कुकी, टॉनफ्लाय यांसारख्या कंपन्यांच्या हेल्मेटांसाठी बाजूचे तयार माउंट मिळतात आणि ते कवचाच्या वळणाला धरून बसतात. पण वजन मध्यरेषेपासून वितभर दूर जातं. हिशोब करून बघा. कॅमेरा आणि माउंट मिळून २०० ग्रॅम धरा. पॅराशूट उघडताना शरीराला साधारण ३ ते ५ जीचा, म्हणजे वजनाच्या तीन ते पाच पट, झटका बसतो, कडक उघडलं तर त्याहून बराच जास्त. म्हणजे साध्या उघडण्यातही क्षणभर पाऊण-एक किलोचं वजन मान एका बाजूला खेचतं. शिवाय उघडल्यावर रायझर, म्हणजे खांद्यावरून वर जाणाऱ्या जाड पट्ट्या, कानाजवळूनच जातात. दोऱ्यांना पीळ पडला तर त्याच पट्ट्या हेल्मेटला दोन्हीकडून चिकटतात आणि बाजूचा कॅमेरा त्यांच्यात सापडतो. रोज उड्या मारणाऱ्या, पॅराशूटच्या घड्या नीट घालणाऱ्या माणसाला ही जागा चालेल. पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी सुचवणार नाही.

हनुवटीची जागा मोटारसायकलवाल्यांची लाडकी. इथे दोरी अडकण्याची शक्यता माथ्यापेक्षा कमी, पण एक मोठी अडचण आहे. बिघडलेलं मुख्य पॅराशूट अंगापासून तोडून टाकण्याचं, म्हणजे कटअवेचं, हँडल आणि रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं, हँडल छातीवर असतात, आणि संकटात त्यांच्याकडे मान खाली घालून बघायला शिकवलेलं असतं. हनुवटीवर कॅमेरा असेल तर मान खाली घातल्यावर हँडलच्या जागी कॅमेऱ्याची पाठ दिसते. घरी घालून बघा. दोन्ही हँडल स्वच्छ दिसत नसतील तर ही जागा तुमच्यासाठी बाद.

माझं मत सांगायचं तर पहिल्यांदा माथ्यावर, मध्यरेषेत, शक्य तितका खाली टेकलेला. दोरीचा धोका तिथे जास्त आहे हे खरं, पण तो धोका समोर दिसतो, बुजवता येतो. बाजूला पिळणारं वजन बुजवता येत नाही.

कॅमेरा कुठला

इथे फार वेळ घालवू नका. लहान आणि हलका बघा. गोप्रोचा हिरो ८ साधारण १२६ ग्रॅमचा, हिरो ९ पासूनचे दीडशे ग्रॅमच्या आसपास. हिरो ८ पासून माउंटची घडीची बोटं कॅमेऱ्याच्या तळालाच आली, त्यामुळे बाहेरची फ्रेम लागत नाही. ही सोय छोटी वाटेल, पण फ्रेम गेली म्हणजे तिची कडी आणि तिच्या चार फटी गेल्या. अंगठ्याएवढे, तीसेक ग्रॅमचे कॅमेरेही आता मिळतात. हौसेसाठी ते पुरेत.

नुसत्या चुंबकावर बसणारे माउंट फ्रीफॉलसाठी नकोत. पोटावर पडताना वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला कॅमेऱ्याच्या पुढच्या चेहऱ्यावर सुमारे अर्धा किलो वजनाएवढा रेटा येतो. डोकं खाली करून ताशी २७० ने गेलात तर तो एक किलोपर्यंत जातो. आणि हा रेटा एका दिशेने येत नाही. पोटावर असताना वारा छातीकडून, हनुवटीखालून येतो, उलटं झालात की थेट माथ्यावर. एका दिशेला घट्ट वाटणारा माउंट दुसऱ्या दिशेला सहज निसटू शकतो.

भोक पाडायचं की चिकटवायचं

आधी आपलं हेल्मेट कशाचं आहे ते शोधा. काही फायबर ग्लास किंवा कार्बनची असतात, काही साच्यातल्या प्लॅस्टिकची. काही नवी हेल्मेटं धडकेच्या चाचणीतून प्रमाणित झालेली असतात. कुकीचं जी४ तसं आहे. प्रमाणित कवचाला भोक पाडलं की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही, कारण चाचणी भोक नसलेल्या कवचाची झालेली असते. अशा हेल्मेटला कंपनीने दिलेला माउंट लावा किंवा चिकटवा. ड्रिल कपाटात राहू द्या.

फायबर किंवा कार्बनच्या कवचाला भोक पाडता येतं, पण मला विचाराल तर पहिल्या हेल्मेटला नको. पाडायचंच असेल तर आतलं अस्तर आणि गालाच्या गाद्या काढून घ्या. कानाजवळचा ऑडिबलचा कप्पा, म्हणजे उंची सांगणारं बीपचं यंत्र बसतं ती जागा, पेन्सिलने आखून ठेवा, कारण स्क्रू तिथे घुसला तर ते यंत्र बसणारच नाही. भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा, आतून लाकडाचा गुळगुळीत ठोकळा टेकवा, आधी बारीक भोक, मग हळू वेगाने मोठं. तोंडाला मास्क हवाच. कार्बनची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जायला नको.

स्क्रूची दिशा महत्त्वाची. गोल, चपट्या डोक्याचा स्टीलचा एम४ स्क्रू आतून बाहेर घाला, त्याखाली रुंद वॉशर. नट बाहेर. उलटं केलंत तर स्क्रूचं टोक आणि नट तुमच्या कवटीकडे तोंड करून बसतील, आणि उतरताना आपटलात तर डोकं वाचवायला घातलेल्या हेल्मेटमधूनच इजा होईल. नट सैल होऊ नये म्हणून बरेचजण निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा पातळ गोंद, लावतात. धातूवर ते उत्तम. पण ते एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकवर ओघळलं तर प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. प्लॅस्टिक जवळ असेल तर आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरा. काम तेच होतं आणि प्लॅस्टिक शाबूत राहतं.

चिकटवण्याची खरी पद्धत

माझा कॅमेरा जिथे गेला ती ही पायरी, म्हणून जरा सविस्तर.

गोप्रोच्या चिकट माउंटखाली थ्रीएमची व्हीएचबी जातीची फोमची पट्टी असते. नीट लावली तर ती हेल्मेटचा रंग घेऊन निघेल पण सुटणार नाही. पण तिची पकड हळूहळू चढते. खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत निम्मी, एका दिवसात ९० टक्के आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास. मी तिला चार तास दिले होते, तेही थंडीत. दहा अंशांच्या खाली ही पट्टी नीट चिकटतच नाही, कारण गारठलेला गोंद पृष्ठभागावर पसरत नाही. वरवर धरल्यासारखी वाटते. बोटाने ओढून बघितलं तेव्हा माझीही घट्टच होती.

तर असं करा. शुक्रवारच्या उडीसाठी सोमवारी रात्री घरात बसा, गॅरेजमध्ये नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ कापडाने पुसा. ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको, प्लॅस्टिक खराब होतं. आणि अल्कोहोलचा बोळा व्हायझरकडे नेऊ नका, धुकं धरू नये म्हणून आतून दिलेला लेप त्याने उतरू शकतो. पुसल्यावर बोट लावायचं नाही. आपल्या बोटांना कायम थोडं तेल असतं, आणि जेवून आला असाल तर बघायलाच नको.

आता माउंटचा तळ आणि हेल्मेटचं वळण जुळतं का बघा. सपाट तळ वळणावर ठेवला तर मध्येच टेकतो आणि कडा अधांतरी राहतात. साधी युक्ती आहे. तळाच्या कागदावर, म्हणजे पट्टी सोलायच्या आधी, पांढऱ्या खडूची पूड लावा, जागेवर ठेवून दाबा आणि उचला. हेल्मेट गडद रंगाचं असेल तर पूड कुठे उमटली ते लगेच दिसतं. नुसता मधला ठिपका उमटला असेल तर तो माउंट परत करा, वळणाचा घ्या. सगळीकडे उमटली तर पुन्हा पुसून, वाळवून मगच पट्टी सोला.

लावताना एकदाच लावा. उचलून परत लावलेली पट्टी फेकून द्यायची. मग पूर्ण वजन टाकून दाबा, अंगठ्याने मधून कडांकडे, निदान मिनिटभर. कणीक मळताना तळहाताचा जो भाग वापरता तोच इथे वापरा. त्यानंतर तीन दिवस हेल्मेट घरातच राहू द्या.

फटी बुजवणे

माउंट बसला की बाजूने दिवा धरून कवच आणि तळाच्या मधली रेघ बघा. जिथून उजेड आरपार येतो तिथून दोरी आत जाते. पॅराशूटच्या बारीक दोऱ्या सुतळीपेक्षाही बारीक असतात. तुम्हाला फट वाटणार नाही इतक्या जागेत त्या शिरतात.

मी एम-सील वापरतो. भारतातून येताना दोन पाकिटं आणली होती. नळाखालची गळती थांबवायला घरोघरी असतं तेच. दोन वड्या सारख्या प्रमाणात मळा, बारीक वळी करा आणि माउंटभोवती लावून ओल्या बोटाने उतरण द्या, म्हणजे कवचावरून बोट सरकवलं तर कुठेही पायरी लागू नये. चकचकीत कवचावर ती आधी बारीक सँडपेपरने घासल्याशिवाय धरत नाही. वाळल्यावर परत घासून गुळगुळीत करा. दिसायला हे फार देखणं होत नाही, माझं पहिलं तर शेणाने सारवल्यासारखं दिसत होतं. चालतं. फक्त हे लक्षात घ्या की एम-सील वाळलं की निघत नाही, म्हणून कॅमेऱ्याला ते लागू देऊ नका. कॅमेरा जागेवर ठेवून त्याला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा आणि त्याच्या भोवती आकार द्या. वाळल्यावर कॅमेरा अलगद बाहेर येतो.

गोप्रोचा लांब अंगठ्याचा स्क्रू काढून टाका. त्याच्याऐवजी ॲलन चावीचा, डोकं आत बसणारा आखूड स्क्रू घाला. शेवटी कॅमेऱ्याच्या मागची बाजू बघा. पुढून सगळे काळजी घेतात, पण पॅराशूट मागून येतं.

दोरीची परीक्षा

हे काम एकट्याने करू नका. एकाने हेल्मेट घालून खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. रिगरकडून दोन गोष्टी मागून घ्या. पॅराशूटच्या बारीक दोरीचा तुकडा आणि ब्रायडलचा तुकडा. ब्रायडल म्हणजे पायलट शूटला, मुख्य पॅराशूट ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या पॅराशूटला, मुख्य पॅराशूटशी जोडणारी पट्टी. ती दोरीपेक्षा रुंद असते आणि वेगळ्याच ठिकाणी अडकते.

आधी दोरी सैल धरून माथ्यावरून पुढून मागे, मागून पुढे ओढा. मग कानाकडून कानाकडे. मग तिरकं, दोन्ही दिशांनी. मग दोरीचा फास करून तो हेल्मेटवर टाका आणि हळू ओढून घ्या. खरी परीक्षा फासाची, कारण उघडताना सैल पडलेल्या दोऱ्यांचे असेच वेटोळे होतात. दोरी थांबली की तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि पुढे जायचं. एकदा सगळं हेल्मेट फिरून झालं की तुकडे मोजा. माझ्या पहिल्या परीक्षेत अकरा निघाले, रिगरने चारच दाखवले होते. बिजागरीजवळचे दोन तर कॅमेऱ्याचे नव्हतेच, हेल्मेटचेच होते.

प्रत्येक तुकड्याला उत्तर द्या. फट असेल तर बुजवा, टोक असेल तर घासा किंवा झाका, कडी असेल तर तिच्यावरून गॅफर टेप. टेप दर दिवशी नवी. परत परीक्षा. दोरी कुठेही न थांबता घसरेपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटच्या फेरीत डोळे मिटून दोरी ओढा. अडखळ डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळते.

कॅमेऱ्याला सुरक्षेसाठी लहान दोरी बांधावी का, असं नवीन माणसं हमखास विचारतात. नाही. ती दोरी म्हणजे तुम्ही स्वतःच तयार केलेला फास. आणि माउंट ओढ बसल्यावर तुटून सुटणारा असेल तर ही दोरी त्याचा उपयोगच घालवते.

अडकलीच तर

इतकं करूनही अडकू शकते, म्हणून सुटण्याची सोय हवी. दोन मार्ग आहेत. एक, ठराविक ओढीला कॅमेऱ्यासकट तुटणारा माउंट. दोन, हेल्मेटच डोक्यावरून एका हाताने सोडता येणं. पहिल्यावर मी पूर्ण विसंबत नाही. माउंट किती ओढीला सुटतो हे सामान मोजायच्या काट्याने घरी ओढून बघता येतं, आणि एकच माउंट आज एका ओढीला, उद्या दुसऱ्याच ओढीला सुटलेला मी पाहिलाय.

त्यामुळे हनुवटीच्या किंवा मागच्या पट्ट्याची कडी तुमच्या हेल्मेटवर कशी सुटते ते बघा. हातमोजे घालून, डोळे मिटून, डाव्या हाताने सुटते का? उजव्या हाताने? दोन्ही हातांनी जमलं पाहिजे, कारण कुठला हात मोकळा असेल हे आधी कळत नाही. बऱ्याच फुल-फेस हेल्मेटांना ही सोय मुळात नसते. तशी नसेल तर ती बसवून घ्या, किंवा त्या हेल्मेटवर कॅमेरा लावू नका. इथे तडजोड नाही.

पुढचा क्रम प्रशिक्षकासोबत, टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे पॅराशूटच्या अंगावरच्या पट्ट्यांमध्ये, बसून पाठ करा. उंची बघणं पहिलं. पडतानाच्या वेगाला १,००० फूट साडेपाच-सहा सेकंदांत जातात, त्यामुळे हवेत गाठी सोडवत बसायला वेळ नसतो. यूएसपीएचे परवाने ए ते डी असे चढत जातात, आणि बी परवान्यापासून वरच्यांसाठी निर्णयाची उंची, म्हणजे कटअवे करायचं की नाही हे ठरवण्याची शेवटची उंची, १,८०० फूट ठेवली आहे. कॅमेरा असेल त्या दिवशी मी ती २,५०० धरतो आणि पॅराशूटही नेहमीपेक्षा वर उघडतो, कारण हेल्मेट सोडणं ही एक जास्तीची पायरी त्याच वेळात बसवायची असते. डोक्याला मुख्य पॅराशूटची दोरी गुंतलेली असताना ते कापून टाकलं तर ते मानेला ओढत जाऊ शकतं. आधी हेल्मेट की आधी कटअवे, हा प्रश्न पहिल्यांदा हवेत पडता कामा नये.

उघडताना नजर क्षितिजावर, मान सरळ. मागे वळून पॅराशूट आलं का बघायची सवय असेल तर ती कॅमेऱ्याआधी मोडा. वळलेल्या मानेवर झटका बसला की दोन दिवस उशी टोचते.

कोन जुळवणं

हे सोपं आहे आणि तरी बहुतेकांचे पहिले व्हिडिओ निळ्या आकाशाचे असतात. हेल्मेट घालून भिंतीपासून तीन-चार मीटरवर पोटावर पडा, स्टुलावर किंवा पलंगाच्या कडेवर, उडीत असता तसेच हात-पाय पसरून. भिंतीवर समोर, डोळ्यांच्या रेषेत, एक कागद लावा. कॅमेरा फोनच्या ॲपशी जोडा आणि घरातल्या कोणाला तरी पडद्यावर कागद मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा कलवायला सांगा. पलंगावर आडवं पडून हात पसरलेला मुलगा व्हिडिओ कॉलवर बघून माझ्या आईने "पाठ दुखतेय का?" असं विचारलं होतं. उभं राहून कोन लावला की हमखास चुकतो, कारण पोटावर असताना मान मागे वळलेली असते.

जुळला की स्क्रू घट्ट करा आणि कॅमेरा व माउंटवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की कॅमेरा हलला आहे.

पहिली उडी

विमान धावपट्टीवर असताना हेल्मेट डोक्यावर किंवा पट्ट्यात अडकवलेलं. मांडीवर ठेवलेलं कॅमेऱ्याचं हेल्मेट ब्रेक लागला की पुढच्याच्या डोक्यात जातं. वर जाताना दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी गारवा वाढतो. १३,००० फुटांवर व्हायझर धुकट होतो आणि बॅटरीही लवकर उतरते, म्हणून ती पूर्ण भरलेली न्या. कॅमेरा दार उघडायच्या आधीच सुरू करा. तो स्वतःला दिसत नाही, त्यामुळे लाल दिवा लागला का हे शेजाऱ्याला विचारा आणि मग विषय सोडून द्या. हवेत बटण दाबायला हात वर न्यायचा नाही. चित्रण झालं नसेल तर नसेल.

पहिल्या काही उड्या एकट्याने किंवा एखाद्या अनुभवी जोडीदाराबरोबर मारा, आणि चित्रणाचं कुठलंच काम अंगावर घेऊ नका. माझ्या पहिल्या व्हिडिओत अठ्ठावन्न सेकंद जोडीदाराचे बूट आहेत. तो जपून ठेवलाय.

दिवस संपला की हेल्मेट पिशवीत टाकण्याआधी माउंटच्या कडेवरून नख फिरवा. एखादा कोपरा केसभर जरी उचलला असेल तरी तो माउंट गेला असं समजून काढा, नवी पट्टी लावा आणि परत तीन दिवस थांबा. नेलपॉलिशची रेघ बघा. एम-सीलला तडा गेलाय का बघा. दोरीचा तुकडा मी हेल्मेटच्या पिशवीतच ठेवतो, आणि महिन्यातून एकदा, किंवा हेल्मेट कुठे आपटलं की लगेच, परत ओढून बघतो.